संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम हार्डवेअर कसे ओळखते आणि त्याची नोंद कशी ठेवते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील अडत दुकाने, वाचनालये, शाळांचे संगणककक्ष आणि लहान कारखाने यांतील बऱ्याच जुन्या संगणकांवर आता लिनक्स चालते. त्यांपैकी कुठे एखादे उपकरण लागत नाही असे झाले, की तक्रार एका वाक्यात येते: ‘कार्ड दिसत नाही’, ‘काटा घेत नाही’. वस्तुतः उपकरण सापडणे, त्याची ओळख पटणे, त्याला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कार्यक्रम) मिळणे आणि ते प्रत्यक्ष काम करणे हे चार वेगळे टप्पे आहेत. काम नेमके कुठे अडले हे संगणक स्वतःच लिहून ठेवत असतो, आणि ते वाचल्याशिवाय नवा भाग विकत घेऊ नये, या आग्रहापोटी पुढील उत्तरे लिहिली आहेत. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात.

बटण दाबल्यावर हार्डवेअर सर्वांत आधी कोण तपासते?

मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरचा स्वतःचा प्राथमिक कार्यक्रम. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत त्याच्या जागी यूईएफआय आले आहे. ते प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड आणि बूट करण्यायोग्य डिस्क यांची प्राथमिक तपासणी करते. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या पट्टीची क्षमता आणि वेग लिहिलेला असतो. फर्मवेअर तो वाचून रॅम चालवण्यास सज्ज करते. रॅम सापडलीच नाही तर पुढचे काहीच घडू शकत नाही, म्हणून अशा वेळी फक्त बीप ऐकू येतात आणि पडदा काळा राहतो. लिनक्सचा त्या स्थितीशी काहीही संबंध नसतो.

यानंतर फर्मवेअर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, हाती दोन महत्त्वाच्या गोष्टी सोपवते. पहिली म्हणजे स्मृतीचा नकाशा: कोणता पत्ता वापरण्यास मोकळा आहे आणि कोणता राखीव आहे. दुसरी म्हणजे एसीपीआयचे तक्ते, ज्यांत प्रोसेसरचे गाभे किती, इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरचे लक्ष वेधण्याचे संकेत) कसे जोडलेले आहेत, पंखा, बॅटरी आणि बटणे कुठे आहेत हे नोंदलेले असते. एसीपीआयचे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. बूट होताना अगदी सुरुवातीच्या ओळींत कर्नलची आवृत्ती, त्याला मिळालेले पर्याय आणि हा स्मृतीचा नकाशा छापलेला दिसतो. प्रोसेसरची ओळख मात्र कर्नल स्वतः विचारून घेते. सीपीयूआयडी ही सूचना चालवली की प्रोसेसर आपला निर्माता, पिढी आणि क्षमता सांगतो.

मदरबोर्डवर कोणती कार्डे आहेत, हे कर्नलला कसे कळते?

नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स, ध्वनी, डिस्कचे नियंत्रक, यूएसबीचे नियंत्रक हे बहुतेक सर्व पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस या व्यवस्थेवर असतात. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआयने एक मोठी अडचण दूर केली. त्याआधीच्या आयएसए कार्डांवर जंपर (पिना जोडणारे छोटे टोपण) हाताने बसवून इंटरप्टचा क्रमांक ठरवावा लागे, आणि दोन कार्डांनी एकच क्रमांक घेतला की दोन्ही बिघडत. पीसीआयमध्ये प्रत्येक उपकरणाजवळ ओळख सांगणारी एक ठरावीक जागा असते. पीसीआयमध्ये ही जागा २५६ बाइटांची आहे, पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४०९६ बाइटांची.

कर्नल बसवर, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या सामायिक मार्गावर, क्रमाने फिरते. एका बसवर जास्तीत जास्त ३२ उपकरणे असू शकतात आणि प्रत्येक उपकरणाची आठपर्यंत कार्ये. प्रत्येक ठिकाणी ते सर्वप्रथम निर्मात्याचा क्रमांक वाचते. तिथे कोणीच नसेल तर सर्व बिट १ असलेले उत्तर येते, म्हणजे हेक्स पद्धतीत ‘एफएफएफएफ’, आणि कर्नल पुढे जाते. कोणी असेल तर खरा क्रमांक मिळतो: इंटेलचा ८०८६, एएमडीचा १०२२, रिअलटेकचा १०ईसी. त्याच्या शेजारी उपकरणाचा क्रमांक आणि वर्ग असतो. वर्ग ०१ म्हणजे साठवण, ०२ म्हणजे नेटवर्क, ०३ म्हणजे पडदा चालवणारे कार्ड, ०६ म्हणजे ब्रिज. ब्रिज आढळला की त्याच्या पलीकडे आणखी एक बस आहे असे समजून कर्नल तीही तपासते.

यानंतर उपकरणाला स्मृतीतील पत्ते द्यावे लागतात. किती जागा हवी हे विचारण्याची पद्धत मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे: पत्त्याच्या नोंदवहीत सर्वत्र १ लिहायचे आणि लगेच परत वाचायचे. उपकरणाने जे बिट शून्यच ठेवले, त्यांवरून त्याला लागणारी जागा काढता येते. बहुधा फर्मवेअरने हे पत्ते आधीच वाटलेले असतात, कर्नल ते पडताळते आणि दोन वाटे एकमेकांवर येत असतील तर पुन्हा वाटप करते.

हे सर्व पाहण्यासाठी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आहे. तिला ‘एनएनके’ हे पर्याय जोडले की नावाबरोबर क्रमांक आणि सध्या वापरात असलेला ड्रायव्हरही दिसतो. येथे दिसणारे मराठी माणसाला वाचता येण्याजोगे इंग्रजी नाव कार्डाने पाठवलेले नसते. ते संगणकातील एका यादीतून क्रमांकावरून शोधलेले असते. त्यामुळे यादी जुनी असेल तर नव्या कार्डासमोर नुसता क्रमांक दिसतो, आणि त्याचा अर्थ कार्ड खराब आहे असा मुळीच नाही.

यूएसबी उपकरणाची ओळख याहून वेगळी असते का?

होय. तिथे कर्नल शोधायला जात नाही, हबच (पोर्ट सांभाळणारा भाग) कळवतो. उपकरण जोडताच पोर्टच्या विद्युतस्थितीत बदल होतो, हब तो नियंत्रकाला सांगतो, पोर्ट रीसेट केला जातो आणि नवे उपकरण तात्पुरत्या ० या पत्त्यावर उत्तर देऊ लागते. कर्नल त्याला १ ते १२७ मधील एक पत्ता देते आणि १८ बाइटांचा वर्णनलेख मागवते. त्यात निर्मात्याचा आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. उपकरणाचा वर्ग त्यात किंवा त्यानंतरच्या वर्णनात येतो: कीबोर्ड आणि माउस ३, प्रिंटर ७, पेन ड्राइव्ह ८, हब ९.

लॉगमध्ये, म्हणजे कर्नलने लिहून ठेवलेल्या नोंदींत, ‘डिव्हाइस नंबर’ म्हणून एक आकडा येतो, त्याकडे लक्ष द्यावे. उपकरण प्रत्येक वेळी नव्याने जोडले गेले की तो वाढतो. कोणी हात लावला नसतानाही तो वाढत असेल, तर उपकरण तुटून पुन्हा जोडले जात आहे. केबल, सैल पोर्ट किंवा अपुरा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी कारण आहे. ‘डिस्क्रिप्टर रीड’ या शब्दांपुढे उणे ७१ किंवा उणे ११० असा क्रमांक आला तर वर्णनलेख नीट वाचता आला नाही किंवा उत्तर वेळेत आले नाही, असे समजावे. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून ९०० मिलिॲम्पिअर इतक्याच पुरवठ्याची मानकात हमी आहे. बाह्य हार्ड डिस्क लांब, स्वस्त केबलने पुढच्या पोर्टला जोडली की अशा ओळी वारंवार दिसतात. प्रथम मागच्या पोर्टला आखूड केबलने जोडून पाहावे.

यादीत नाव दिसते, तरीही उपकरण चालत नाही. असे का?

कारण नाव दिसणे हा केवळ दुसरा टप्पा आहे. ओळख पटल्यावर कर्नल त्या क्रमांकांपासून एक लांब ओळखचिन्ह तयार करते आणि यूडेव्ह नावाचा कार्यक्रम त्याच्याशी जुळणारे मॉड्यूल (गरजेनुसार कर्नलमध्ये चढवता येणारा ड्रायव्हर) शोधून चढवतो. जुळणारे मॉड्यूल नसेल तर उपकरण यादीत राहते, पण त्याला कोणी चालवत नाही. ‘एलएसपीसीआय’च्या उत्तरात त्या उपकरणाखाली वापरातील ड्रायव्हरची ओळ नसेल, तर अडचण येथे आहे.

मॉड्यूल चढले तरी काही कार्डांना, विशेषतः वायफाय आणि ग्राफिक्सच्या, स्वतःचे फर्मवेअर डिस्कवरून द्यावे लागते. ती फाइल नसेल तर लॉगमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अयशस्वी झाल्याची ओळ उणे २ या क्रमांकासह येते. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. ओळीत फाइलचे पूर्ण नाव असते, त्यामुळे योग्य पॅकेज बसवणे एवढेच काम उरते. वायफाय कार्ड ‘मेले’ म्हणून बदलले जाते, तेव्हा बऱ्याचदा या एका ओळीकडे दुर्लक्ष झालेले असते आणि गिऱ्हाइकाचे पैसे विनाकारण जातात.

बूट होतानाच्या ओळी इतक्या वेगाने जातात, त्या नंतर कुठे वाचाव्यात?

कर्नल त्या स्मृतीतील एका गोलाकार साठ्यात ठेवते. ‘डी-एम-ई-एस-जी’ ही पाच अक्षरे टंकली की तो साठा पडद्यावर येतो. लिनक्सच्या अनेक नव्या वितरणांत त्यासाठी सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार लागतो. प्रत्येक ओळीच्या आरंभी चौकटी कंसात कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. दोन ओळींमध्ये अचानक दहा-वीस सेकंदांचे अंतर दिसले, तर त्यादरम्यान कर्नल कोणत्या तरी उपकरणाच्या उत्तराची वाट पाहत असण्याची शक्यता मोठी आहे. ओळींना ० ते ७ अशी तीव्रता असते: ० सर्वांत गंभीर, ३ त्रुटी, ४ इशारा, ६ सामान्य माहिती. ‘लेव्हल’ हा पर्याय देऊन केवळ त्रुटी आणि इशारे वेगळे काढता येतात.

साठा भरला की जुन्या ओळींवर नव्या लिहिल्या जातात, म्हणून बरेच दिवस चालू राहिलेल्या संगणकात बूटच्या वेळच्या ओळी तिथे मिळतीलच असे नाही. त्यासाठी जर्नल ही यंत्रणेची नोंदवही वाचणारी ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा आहे. त्याला ‘के’ हा पर्याय दिला की फक्त कर्नलच्या ओळी मिळतात, आणि ‘बी’पुढे उणे १ लिहिले की मागच्या बूटच्या, मात्र जर्नल डिस्कवर जतन होत असले तरच. फ्रीबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना बूटच्या वेळचा मजकूर एका वेगळ्या फाइलमध्ये तयारच मिळतो, ही सोय मोठी आहे.

लॉगमध्ये लाल रंगातील त्रुटी दिसतात. संगणक बिघडला आहे का?

बहुतेक वेळा नाही. ‘एसीपीआय बायोस एरर’ अशी ओळ चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपवरही आढळते. मदरबोर्ड बनवणाऱ्याने तक्त्यात केलेल्या चुकीकडे कर्नल बोट दाखवत असते. काळजी करावी अशा ओळी वेगळ्या आहेत. ‘एमसीई’ आणि ‘हार्डवेअर एरर’ हे शब्द एकत्र आले तर प्रोसेसरने किंवा स्मृतीने स्वतः बिघाड कळवला आहे. डिस्कच्या संदर्भात ‘फेल्ड कमांड’ ही ओळ पुन्हा पुन्हा आली तर आधी माहितीची प्रत काढावी, मग पुढचा विचार करावा.

हळदीच्या वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडला आहे, पण संगणक तो ओळखतच नाही. काय करावे?

मार्केट यार्डातून हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. बहुसंख्य काटे आरएस-२३२ या सीरियल जोडणीने वजन पाठवतात. हे मानक १९६० मधील आहे आणि त्यात ‘मी कोण’ हे सांगण्याची कोणतीही व्यवस्था नाही. तारेवरून केवळ अक्षरे येतात. त्यामुळे संगणक काटा कधीच ओळखणार नाही, आणि त्याने तो ओळखावा ही अपेक्षाच सोडून द्यावी.

संगणकावर जुना सीरियल पोर्ट असेल तर बूटच्या वेळी ‘टीटीवायएस०’ हे नाव आणि ‘१६५५०ए’ असा उल्लेख असलेली ओळ येते. ती ओळ पोर्टच्या आतील चिपबद्दल आहे. पलीकडे काटा आहे, वीज बंद आहे की तार उंदराने कुरतडली आहे, हे तिच्यावरून समजत नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला असेल तर संगणक तो कन्व्हर्टर ओळखतो आणि ‘टीटीवाययूएसबी०’ असे नाव देतो. ‘एलएसयूएसबी’च्या यादीत त्याचा निर्माता क्रमांक पाहावा: ०४०३ म्हणजे एफटीडीआय, ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, १ए८६ म्हणजे सीएच३४० जातीची स्वस्त चिप.

कन्व्हर्टर यादीत आला, नावही मिळाले, तरी वजन येत नसेल तर पुढील क्रमाने पाहावे. वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तर पोर्ट उघडण्याची परवानगी नाकारली जाते. डेबियन आणि उबंटूवर हे फार आढळते. परवानगी असेल तर काट्याच्या पुस्तिकेतील बॉड (वेग), पॅरिटी (चूक तपासण्याची पद्धत) आणि बिट यांची जुळणी करावी. वेग चुकला तर वजनाऐवजी निरर्थक चिन्हे येतात, आणि तशी चिन्हे येणे हे तार जोडलेली असल्याचेच चिन्ह आहे. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चा कन्व्हर्टर जोडताच नाव मिळून क्षणात नाहीसे होते, असा एक विशिष्ट प्रकार आहे. ब्रेल पट्टीसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा कार्यक्रम त्या चिपचा क्रमांक आपला समजून ती ताब्यात घेतो. लॉगमध्ये त्याचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. त्या संगणकावर ब्रेल पट्टी वापरात नसेल तर तो कार्यक्रम काढून टाकल्यावर काटा चालू लागतो. कन्व्हर्टर बदलण्याची गरज नसते.

दोन काटे जोडले आहेत, पण सकाळी संगणक सुरू केल्यावर त्यांची नावे अदलाबदल होतात.

नावांतील ० आणि १ हे क्रमांक ज्या क्रमाने उपकरणे सापडतात त्या क्रमाने मिळतात, आणि कर्नल अनेक उपकरणे एकाच वेळी तपासत असल्याने तो क्रम दर वेळी सारखा राहीलच असे नाही. डिस्कच्या ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ या नावांचेही तसेच आहे. डिस्कसाठी यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) वापरावा. काट्यांसाठी ‘डेव्ह’ फोल्डरमधील ‘सीरियल’ खाली ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ अशा दोन जागा असतात. सीएच३४० च्या कन्व्हर्टरांना बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन्हींची ओळख सारखीच निघते. अशा वेळी ‘बाय-पाथ’ वापरावा आणि कोणता काटा कोणत्या पोर्टला हे पोर्टजवळ चिठ्ठी चिकटवून निश्चित करावे. नेटवर्क कार्डांबाबतची हीच अडचण २०१३ पासून सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेने सोडवली आहे: ‘ईएनपी३एस०’ या नावात ३ हा बसचा आणि ० हा जागेचा क्रमांक असतो.

रॅम ४ जीबीची आहे, पण यंत्रणा त्याहून कमी दाखवते.

प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी आणि फर्मवेअरसाठी काही भाग राखीव जातो, कर्नल स्वतःही थोडा घेते. फरक अर्ध्याचा असेल तर एक पट्टी सापडलेली नाही. ‘डीएमआयडीकोड’ प्रत्येक खाचेत काय आहे ते सांगते.

हार्ड डिस्क एका दिवशी दिसते, दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

लॉगमध्ये ‘साटा लिंक’ या ओळी पाहाव्यात. जोडणी झाली असेल तर ‘अप’ आणि पुढे वेग येतो: १.५, ३ किंवा ६ गिगाबिट प्रतिसेकंद. ‘डाउन’ म्हणजे त्या पोर्टवर कोणीही उत्तर दिलेले नाही. रिकाम्या पोर्टसाठी तीच ओळ येते, म्हणून एकदा पाहून घाबरू नये. ६ चा वेग असलेली डिस्क वारंवार १.५ वर घसरत असेल, तर प्रथम साटा केबल बदलावी. केबल स्वस्त असते, डिस्क महाग. त्यानंतर ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची स्वतःची नोंद वाचावी.

पुरात किंवा ओलीत राहिलेला संगणक वाळवल्यावर सुरू झाला. तो सुरक्षित मानावा का?

कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत हा प्रश्न अनेक घरांत आणि दुकानांत उभा राहिला. संगणक सुरू होणे एवढ्याने खात्री पटत नाही, कारण गंज हळूहळू वाढतो आणि खाचांमधील संपर्क कमी होत जातो. लॉगमध्ये तो बऱ्याचदा आधी दिसतो. पीसीआय एक्सप्रेसवर ‘एईआर’ आणि ‘करेक्टेड एरर’ या ओळी म्हणजे माहिती चुकीची पोहोचली आणि दुरुस्त करून घेतली गेली. ‘एलएसपीसीआय’चा सविस्तर मजकूर मागवला तर जोडणीच्या स्थितीपुढे ‘डाउनग्रेडेड’ असा शब्द दिसू शकतो. काही कार्डे वीज वाचवण्यासाठी वेग उतरवतात, परंतु जोडणीची रुंदी १६ वरून ८ किंवा ४ वर आली असेल तर खाच आणि कार्डाचे संपर्क स्वच्छ करून पाहावेत. अशा संगणकावर हिशेबाची एकमेव प्रत ठेवू नये.

द्राक्षबागेतील आर्द्रतेचा सेन्सर रास्पबेरी पायला जोडला. तो आपोआप का सापडत नाही?

तो बहुधा आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर असतो, आणि तिथेही ओळख सांगण्याची व्यवस्था नाही. रास्पबेरी पायसारख्या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवर असे भाग कुठे आहेत हे ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णनात आधीच लिहून द्यावे लागते आणि कर्नल त्यावर विश्वास ठेवते. रास्पबेरी पायवर त्यासाठी ओव्हरले, म्हणजे त्या वर्णनाला जोडायचा तुकडा, जोडतात. ‘आयटूसी-डिटेक्ट’ कोणत्या पत्त्यावर कोणी उत्तर देते एवढेच सांगते, उत्तर देणारा कोण हे सांगत नाही.

विंडोजवर हेच कसे पाहावे?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये. कोड २८ म्हणजे ओळख पटली पण ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतः अडचण कळवल्याने ते थांबवले. उपकरणाच्या तपशिलात ‘व्हीईएन’ आणि ‘डीईव्ही’ यांपुढे तेच क्रमांक असतात जे लिनक्स दाखवते, त्यामुळे अनोळखी कार्डाचा शोध त्यांवरून घेता येतो.

दुरुस्तीसाठी संगणक देताना सोबत काय द्यावे?

उपकरण जोडलेले असताना संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि लगेच ‘डी-एम-ई-एस-जी’, ‘एनएनके’ पर्यायांसह ‘एलएसपीसीआय’, ‘एलएसयूएसबी’ आणि ‘एलएसबीएलके’ (डिस्कांची यादी) या चार आज्ञांची उत्तरे फाइलमध्ये साठवावीत. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही, कारण महत्त्वाची ओळ बहुधा वर निघून गेलेली असते. संगणक नीट चालत असताना घेतलेली अशीच एक जुनी फाइल जवळ असेल तर तीही द्यावी; दोन्ही शेजारी ठेवल्या की कोणती ओळ नाहीशी झाली हे काही मिनिटांत सापडते. लॉगमध्ये डिस्कचे अनुक्रमांक आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता असतो, म्हणून फाइल अनोळखी व्यक्तीकडे पाठवायची असल्यास ते आधी पुसावेत.